फायब्रोमायल्जिया आणि क्रॉनिक फटिगची खास क्लिनिकं: पॅकेजचे पैसे वसूल होतात का?

रानजाई

'थकव्याचं मूळ शोधा', 'तीन महिन्यांत वेदनामुक्त व्हा' असल्या जाहिराती हल्ली सारख्या समोर येतात. आत गेलं की साठ-सत्तर रक्ततपासण्या, सलाइनमधून ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट, डाएट चार्ट आणि पैसे आगाऊ. माझं म्हणणं सरळ आहे. फायब्रोमायल्जियाला, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं आणि थकवा असलेल्या आजाराला, वेगळं क्लिनिक लागत नाही. एक बरा संधिवाततज्ज्ञ, एक फिजिओ आणि ऐकून घेणारा फॅमिली डॉक्टर एवढ्यावर भागतं.

निदानाला मशीन लागतच नाही. १९९०च्या निकषांत अंगावरचे १८ बिंदू दाबून बघायचे, ११ दुखले की निदान. २०१०पासून ते मागे पडलं. २०१६च्या सुधारित निकषांना कागद-पेन पुरतं. मागच्या ७ दिवसांत १९पैकी किती जागा दुखल्या ते मोजायचं. मग थकवा, झोपून उठल्यावरही न गेलेला शीण आणि डोक्यातला गोंधळ यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. मागच्या ६ महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं, नैराश्य असेल तर त्यांचा एकेक. जागा ७ किंवा जास्त आणि लक्षणांचे गुण ५ किंवा जास्त. नाहीतर जागा ४ ते ६ आणि गुण ९ किंवा जास्त. शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांत दुखणं हवं आणि हे सगळं ३ महिने टिकलेलं हवं. यात पॅकेज कुठे आलं?

उपचारांचंही तेच. युलार या संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेच्या २०१६च्या शिफारशींत ठाम पाठिंबा फक्त व्यायामाला आहे. बाकी सगळं 'करून बघा' या पातळीवरचं. कोणाचं मत वेगळं असेल तर तपशिलासकट मांडा.

आडवाटेचा

कागदावर बरोबर, ओपीडीत चूक. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेत. मधल्या गावच्या बाईच्या वाट्याला येतो ऑर्थोपेडिक सर्जन आणि 'ईएसआर नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह, तुम्हाला काही झालेलं नाही' हे वाक्य. ती १९ जागांची मोजणी नीट करायला आणि झोपेचा इतिहास विचारायला अर्धा तास जातो. रांगेत चाळीस पेशंट असताना तो कोण देणार?

दुसरं म्हणजे त्याच २०१६च्या निकषांत स्पष्ट म्हटलंय, की दुसरा आजार असला तरी फायब्रोमायल्जियाचं निदान बाद होत नाही. हे विसरलं की गोंधळ होतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या पेशंटचा डीएएस-२८ हा आजाराच्या जोराचा स्कोअर काढताना दुखरे सांधे मोजतात आणि 'तुम्हाला कसं वाटतंय' हेही त्यात धरतात. सोबत फायब्रोमायल्जिया असेल तर सूज नसतानाही स्कोअर फुगतो आणि संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट वाढवत नेलं जातं.

उलटी चूक आपल्याकडे आणखी जास्त. 'फायब्रो' असा शिक्का बसलेल्या बाईला खरं तर ऑस्टिओमलेशिया (डी जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडणं) असतो. उकिडवं बसून उठता येत नाही, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, हाड दाबलं की कळ येते. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं आणि डी तळाला. ही तपासणी स्वस्त असूनही राहून जाते. थायरॉइड, फेरिटिन, बी१२, सीपीके, साखर, क्रिएटिनिन, सीआरपी, कॅल्शियम, सिलिअकची टीटीजी हे बघायलाच हवं. घोरणाऱ्याची झोपेची तपासणी हवी. चिकनगुनियानंतरच्या सांधेदुखीत काही जणांना खरा आर्थ्रायटिस राहतो, तिथे बोटांच्या सांध्यांना सूज आहे का हे हाताने दाबून बघावं लागतं.

साठ तपासण्या हा तमाशा आहे, मान्य. एएनए ही ल्युपस या प्रतिकारशक्तीच्या आजारासाठीची रक्ततपासणीसुद्धा उगाच करू नये. १:८० एवढा टायटर १०० धडधाकट माणसांतल्या तेरा-चौदा जणांत सापडतो, आणि मग ल्युपसच्या भीतीने झोप उडते ती वेगळीच. पण ४५ मिनिटं बसवून हे सगळं एका छताखाली करणारं क्लिनिक असेल, तर त्याची फी मी लूट म्हणणार नाही.

पडवीतली

दोघेही फायब्रोमायल्जियावर भांडताय आणि शीर्षकातलं क्रॉनिक फटिग वाऱ्यावर सोडलंत. माझा आक्षेप तिथेच आहे. दोन्ही आजारांना एकच पत्रक देणारं क्लिनिक नसलेलं बरं.

एमई-सीएफएसचं (क्रॉनिक फटिगचं वैद्यकीय नाव, थोडक्यात एमई) मुख्य लक्षण थकवा नाही. श्रमानंतर सगळी लक्षणं बळावतात, ते आहे. आणि तेही लगेच नाही, साधारण १२ ते ४८ तासांनी. सोमवारी क्लिनिकमध्ये ट्रेडमिलवर ठणठणीत दिसलेला माणूस बुधवारी अंथरुणात असतो आणि फिजिओच्या कागदावर 'चांगली प्रगती' लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५च्या निकषांत हे लक्षण सक्तीचं आहे. त्यासोबत ६ महिन्यांची घटलेली क्षमता, न भागणारी झोप, आणि मेंदूचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी एक.

ब्रिटनमध्ये नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेच्या २००७च्या मार्गदर्शिकेत टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवायची शिफारस होती. २०११चा पेस हा ६४१ रुग्णांचा अभ्यास तिच्या बाजूने म्हणून दाखवत. त्यात शारीरिक क्षमतेचे ६५ किंवा कमी गुण असलेल्याला आजारी म्हणून घेतलं आणि त्याच निकषावर 'बरा' ठरायला ६० गुण पुरे होते! म्हणजे माणूस घसरला तरी पास. ऑक्टोबर २०२१मध्ये नाइसने ठरलेल्या टप्प्यांनी वाढणारा व्यायाम देऊच नका असं लिहिलं. सीबीटी (विचार-वर्तनावरचं समुपदेशन) आजार बरा करत नाही, आधार म्हणून हवी त्याने घ्यावी, हेही. आपल्याकडच्या क्लिनिकांच्या भिंतीवर अजून 'रोज ५०० पावलं वाढवा' चिकटवलेलं असेल तर तिथून निघा.

फिजिओ_नाशिक

पडवीतली ताई, एमईबद्दल शंभर टक्के सहमत. पण हेच वाचून फायब्रोमायल्जियाचे पेशंट व्यायाम सोडतात आणि सहा महिन्यांनी खांदा आखडून येतात. त्याचं काय?

फायब्रोमध्ये व्यायाम फसतो तो बहुतेक वेळा मात्रेमुळे. पहिल्याच दिवशी ४० मिनिटं चालायला सांगतात, दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं, तिसऱ्या दिवसापासून बंद. जेवढं त्रास न होता जमतं त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. सपाट रस्त्यावर ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. आठवडाभर तेच टिकलं तरच एखादं मिनिट वाढवा. ध्येय आठवड्यातून दोन-तीन वेळा २०-३० मिनिटं, आणि तिथवर पोचायला तीन महिने लागले तरी हरकत नाही. ताकदीचे व्यायाम हलक्या रबर बँडने, ८-१० वेळा, मध्ये एक दिवस सोडून. कोमट पाण्याचा तलाव मिळाला तर उत्तम.

आणि क्लिनिकचं खरं पाप सांगू? दहा दिवसांचं शेकाचं पॅकेज. आयएफटीचा करंट, अल्ट्रासाऊंड, हॉट पॅक, की घरी. तेवढा वेळ बरं वाटतं, अंगात काही फरक पडत नाही. तुम्ही कॉटवर पडून आहात आणि थेरपिस्ट मोबाइलवर आहे, तर ते व्यायामोपचार नव्हेत.

फरक ओळखायचा कसा? व्यायाम झालेल्या स्नायूत ठणका, एक-दोन दिवसांत ओसरला, तर चालेल. दोन दिवसांनी घसा धरला, कणकण वाटली, शब्द आठवेनात, उजेड सहन होईना, तर पुढचा व्यायाम रद्द आणि पेशंट पुन्हा डॉक्टरकडे. ही विचारपूस ४८ तासांनी फोन करून व्हायला हवी. तो एक फोन करणारं क्लिनिक मी चांगलं मानतो. (फिटनेस बँडवरची '१०,००० पावलं' सूचना आधी बंद करा, ती दोन्ही आजारांना तापदायक.)

रानजाई

फोन करायला स्पेशालिटी क्लिनिक कशाला हवं, फिजिओ पुरे. माझाच मुद्दा पुढे नेलात, आभार. आडवाटेचा यांचा डीएएसचा मुद्दा मात्र बिनतोड.

केमिस्टकाका

औषधांच्या बाजूने थोडं. क्लिनिक असो वा फॅमिली डॉक्टर, चिठ्ठीवर प्रीगॅबलिन ७५ हे नसांच्या दुखण्याचं औषध आणि मिथाइलकोबालामिन (बी१२चं एक रूप) एकाच गोळीत असतं. त्या गोळीचं दुखणं असं, की ती सुरू झाल्यावर बी१२ तपासलं तर आकडा भरपूर येतो आणि मूळची कमतरता होती की नाही हे कधीच कळत नाही. रक्त आधी द्या, गोळी मग. केसांसाठी १० मिग्रॅ बायोटिन चालू असेल तर काही लॅबच्या पद्धतीत थायरॉइडचं टीएसएच खोटं कमी येतं. निदान दोन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा.

डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण ८ आठवडे. लोक रोज घेतात! मग उलट्या, बद्धकोष्ठता, वाढलेलं कॅल्शियम आणि किडनीवर ताण. पुडी देताना वार ठरवून पाकिटावर लिहिलेला बरा.

अमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ रात्री. झोपायच्या क्षणी घेतली तर सकाळी गुंगी राहते, एक-दोन तास आधी घ्या. काचबिंदूचा काही प्रकार, प्रोस्टेट किंवा हृदयाची लय बिघडलेली असेल तर डॉक्टरला आधी सांगा. ड्युलॉक्सेटिन ३०ने सुरू करून आठवड्याने ६०. प्रीगॅबलिनने वजन, पायावर सूज, चक्कर. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. यातलं काहीच अचानक बंद करू नका. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१८पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, तेव्हा 'मागच्या चिठ्ठीवर द्या' म्हणून भांडू नका. शिवाय ते ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलीनसोबत घेतलं तर झटके आणि सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढण्याचा) धोका. दोन डॉक्टरांकडे फिरणाऱ्यांच्या पिशवीत ही जोडी सर्रास निघते. त्यासाठी तरी एकच जागा बरी, रानजाई.

डायक्लोफिनॅक आणि स्टेरॉइड या आजारावर चालत नाहीत. युलारने स्टेरॉइडला साफ नकार दिलाय. तरी 'ताकदीचं इंजेक्शन' मागायला लोक येतातच.

टेम्सकाठी

इथे ब्रिटनमध्ये एनएचएसची एमई-सीएफएस क्लिनिकं आहेत, तेव्हा 'क्लिनिक असतं तर' हे स्वप्न जरा जमिनीवर आणतो. पुष्कळ ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओ सेवा चालवतात, डॉक्टर नावाला. मोजकी सत्रं, ऊर्जेचं नियोजन शिकवायचं आणि परत जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे. प्रौढाला ६ आठवड्यांनी संशय, ३ महिन्यांनी निदान असं २०२१ची मार्गदर्शिका म्हणते, पण काही भागांत सेवाच नाही. सगळ्यात हाल अंथरुणाला खिळलेल्यांचे. एक्झेटरला २७ वर्षांची एक तरुणी २०२१मध्ये दगावली. २०२४च्या चौकशीनंतर कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) लेखी दिलं, की तीव्र एमईच्या रुग्णांसाठी देशात खास खाटा नाहीत आणि डॉक्टरांना प्रशिक्षण अपुरं आहे.

तरी क्लिनिक नको असं मी म्हणणार नाही. निदानाचं पत्र मिळतं आणि नोकरीवर त्याच्या जोरावर तास कमी करून मागता येतात.

विमा_बाबू

नोकरीवरून आठवलं. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत यांपैकी एकही आजार नाही, त्यामुळे क्लिनिक 'सर्टिफिकेट मिळवून देऊ' म्हणत असेल तर खोटं बोलतंय. दुसरी युक्ती म्हणजे 'दोन दिवस ॲडमिट व्हा, क्लेम करू'. पॉलिसीतली प्रमाणित वगळणी क्र. ४ बघा, निव्वळ तपासणीसाठीचं ॲडमिशन बाद. क्र. ५मध्ये विश्रांती आणि पुनर्वसनही. कॅशलेस नाकारलं की बिल तुमच्या गळ्यात.

पडवीतली

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही आणि ती कुठलंही क्लिनिक दहा मिनिटांत करू शकतं. उभं राहिल्यावर होणाऱ्या त्रासाची तपासणी. ५ ते १० मिनिटं पडून राहायचं, नाडी आणि बीपी नोंदवायचं. मग टाचा भिंतीपासून अंदाजे १५ सेंमी पुढे, खांदे भिंतीला टेकलेले, न बोलता न हलता १० मिनिटं उभं, दर मिनिटाला नोंद. बीपी न पडता नाडी ३० ठोक्यांनी चढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०) तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर नाडी बेसुमार वाढण्याचा विकार) विचार करायचा. शेजारी माणूस उभा हवाच, चक्कर येते. नुसती खुर्चीत बसवून बीपी घेणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि मग ओट्यापाशी पोळ्या लाटताना जीव घाबरतो त्याला 'ॲन्झायटी' म्हणतात. उंच स्टूल, पाणी, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे, डॉक्टरच्या सल्ल्याने मीठ. बीपी किंवा किडनीवाल्यांनी मीठ मनाने वाढवू नये.

पॅकेजात ग्लुटाथायोन आहे आणि ही तपासणी नाही, तर मी रानजाईच्या बाजूने. रिटुक्सिमॅबसारखं भारी औषधही नॉर्वेतल्या एमईच्या १५१ रुग्णांच्या चाचणीत २०१९ला फेल गेलं. सलाइनच्या बाटलीने काय होणार.

आडवाटेचा

अमिट्रिप्टिलीन चालू असेल तर नाडी तशीही वाढते. तपासणीआधी थांबवायचं का?

केमिस्टकाका

मनाने अजिबात नाही. औषध, मात्रा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे कागदावर वर लिहा आणि डॉक्टरला ठरवू द्या. शक्यतो सकाळी करा आणि चहा-कॉफी आधी नको. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर उलटं होतं, नाडी दबलेली दिसते, तेही लिहा.