बिल्ड सर्व्हरची किल्ली चालेना म्हणून नवी किल्ली बनवणं ही दुरुस्ती आहे का?

रात्रपाळी:

माझं मत आधीच सांगतो: नाही. आणि ज्यांना ती दुरुस्ती वाटते, त्यांच्या मागून निस्तरायला येणाऱ्यांपैकी मी एक आहे.

एक खुलासा. सगळीकडे 'की' लिहिलं तर कुठली वाक्यातली आणि कुठली कुलपातली ते कळेनासं होतं, म्हणून किल्ली म्हणतोय. किल्ली म्हणजे एसएसएचची (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करायचा मार्ग): खाजगी भाग आपल्याकडे, पब्लिक भाग समोरच्याकडे, आणि खाजगी भागाने सही करून आपली ओळख पटवायची.

झालं असं. आमच्या बिल्ड सर्व्हरची, म्हणजे कोड ओढून त्यातून प्रोग्राम बांधणाऱ्या मशीनची, ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. दुसऱ्या दिवशी पहिलाच बिल्ड कोड ओढताना पडला. 'परमिशन डिनाइड, पब्लिककी'. रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, आमच्याच एका जुन्या मशीनवर आहे, तिला कोणी हातही लावला नव्हता. सहकाऱ्याने लगेच नवी आरएसए (किल्लीचा जुना, रुळलेला प्रकार) किल्ली बनवली, पब्लिक भाग तिकडे चिकटवला. पुन्हा तेच. मग ४०९६ बिटांची बनवली. तेच. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, ईडी२५५१९, म्हणजे दुसऱ्या प्रकारची, करून बघ. केली, आणि बिल्ड हिरवा. ग्रुपवर निरोप गेला: 'जुनी किल्ली करप्ट झाली होती, नवी टाकली आहे.'

किल्लीला काहीही झालं नव्हतं. मी नंतर तीच जुनी किल्ली घेऊन एसएसएच तीन व्ही लावून, म्हणजे सविस्तर लॉग दाखवायला सांगून, चालवलं. त्या लांबलचक पसाऱ्यात एक ओळ होती: 'नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम'. नव्या सिस्टीमबरोबर ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्राम) हेही नवं आलं होतं. २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून ते आरएसए किल्लीने एसएचए-१ या जुन्या पद्धतीची सही आपणहून करत नाही. पलीकडच्या मशीनवर होती ६.६. तिला एसएचए-२ वाली सही ठाऊकच नाही, ती ७.२ मध्ये म्हणजे २०१६ साली आली. किल्ली बरोबर, कुलूप बरोबर, फक्त दोघांना मान्य होईल अशी सही नाही. अशात आरएसएच्या कितीही किल्ल्या बनवा, काय फरक पडणार? ईडी२५५१९ ६.५ पासून आहे आणि तिच्या सहीत एसएचए-१ चा संबंधच नाही, म्हणून ती चालली.

आता ते पुरातन मशीन तसंच आहे, त्याच्यावर दोन बेवारस आरएसए किल्ल्या कायमच्या मान्य होऊन पडल्यात, आणि टीमचा समज झालाय की किल्ल्या आपोआप करप्ट होतात.

कळफलक:

सगळं मान्य करूनही असहमत. रात्री अकराला रिलीज अडकलंय, चार जण कॉलवर बसलेत, आणि तुम्ही म्हणताय लॉगचं पारायण करा. नवी किल्ली बनवायला दोन मिनिटं लागतात. चालली तर सुटलो, नाही चालली तर किमान एक शक्यता बाद झाली. तुमच्याच गोष्टीत शेवटी नव्या किल्लीनेच काम झालं ना? चौकशी काय, सकाळीही करता येते.

शिवाय किल्ल्या अधूनमधून बदलाव्यात असं सगळेच सांगतात. मग बिघाडाच्या निमित्ताने बदलली तर बिघडलं कुठे?

रात्रपाळी:

सकाळी चौकशी करणारा माणूस मला अजून भेटायचाय. बिल्ड हिरवा झाला की प्रश्न मेला.

आणि पारायण वगैरे काही नसतं हो. पाच ओळी शोधायच्या. 'कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' दिसली का? नसेल तर फायरवॉल किंवा पोर्ट, किल्लीचा विषयच नाही. 'होस्ट इज नोन अँड मॅचेस' आहे का? नसेल तर नोन होस्ट्स फाइल, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरांच्या किल्ल्यांची यादी, बघा. 'ऑफरिंग पब्लिक की' च्या पुढे कुठल्या फाइलचं नाव आहे? इथेच निम्मी प्रकरणं निकालात निघतात, कारण तुम्ही बनवलेली फाइल एक असते आणि तो पुढे करतोय दुसरीच. मग 'सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट्स की'. ही आली आणि तरीही नकार मिळाला, तर समोरच्याला किल्ली मान्य आहे, अडतंय आपल्याकडे. बहुतेक वेळा किल्लीला पासफ्रेज लावलेला असतो आणि बिल्डमध्ये तो टाकायला माणूस नसतो. शेवटची 'ऑथेंटिकेटेड'. ती दिसूनही 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' येत असेल तर किल्ली ठणठणीत आहे, त्या खात्याला त्या रिपोचा हक्क नाही एवढंच.

घोडं कुठे पेंड खातंय हे कळायला यात नवी किल्ली बनवण्याइतकाच वेळ जातो.

नवखी:

मध्येच विचारते, माफ करा. मी सर्व्हरवर लॉगिन करून गिट क्लोन केलं (कोड उतरवून घेतला) तर चालतं. तोच आदेश जेनकिन्समधून (बिल्ड चालवणारा प्रोग्राम) गेला की परमिशन डिनाइड. किल्ली तीच, मशीन तेच. हे कुठल्या ओळीत बसतं?

रात्रपाळी:

तिसऱ्या. मशीन तेच असलं तरी माणूस वेगळा आहे. तुम्ही तुमच्या नावाने आत जाता, बिल्ड जेनकिन्स नावाच्या युजरने चालतो. त्याचं घर साधारणपणे व्हार-लिब-जेनकिन्स. एसएसएच त्या घरातल्या डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये बघतं, तुमच्या नाही. सुडो वापरून जेनकिन्स बना आणि मग तोच आदेश चालवा, लगेच पडेल. किल्ली तिकडे कॉपी केलीत तर फाइलचा मालकही बदला आणि परवानगी ६०० ठेवा, म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल. ६४४ असली तर 'टू ओपन' म्हणून ती सरळ बाजूला टाकतो.

अजून एक. तुमच्या लॉगिनमध्ये एजंट फॉरवर्डिंग चालू असेल (एजंट म्हणजे किल्ल्या हाताशी ठेवणारा प्रोग्राम, फॉरवर्डिंग म्हणजे तो दूरच्या सर्व्हरवरूनही वापरू देणं) तर सर्व्हरवर वापरली जाणारी किल्ली मुळात तुमच्या लॅपटॉपवरची असू शकते. मग 'किल्ली तीच' हेही खरं नाही.

चिमटा:

आणि किल्ली बिल्डच्या सेटिंगमधल्या सिक्रेट व्हेरिएबलमध्ये चिकटवली असेल तर शेवटच्या ओळीनंतर एंटर आहे का बघा. त्या एका एंटरपायी माझा अख्खा शनिवार गेलाय. 'एरर इन लिबक्रिप्टो' म्हणे. लिबक्रिप्टो बिचारं निर्दोष.

नवखी:

एजंटच होता 🙈 लॅपटॉपवर बंद केला तर हातानेही चालेना. धन्यवाद!

पाणचक्की:

तुम्ही सगळे चुकीच्या प्रश्नावर भांडताय. बिल्ड सर्व्हरवर एसएसएच किल्ली हवीच कशाला? ती कधी संपत नाही, फाइल म्हणून पडून असते, कोणी कॉपी केली तर पत्ता लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या बिल्ड चालवून देणाऱ्या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना सांगितलं होतं, आमच्याकडे ठेवलेली सगळी गुपितं बदला. ज्यांच्याकडे मुदतीची टोकनं (ठरल्या वेळी आपोआप संपणारे परवाने) होती ते त्यातल्या त्यात निवांत होते. बाकीचे दिवसभर किल्ल्या मोजत बसले.

गिटहब (कोड साठवायची सेवा) आपल्या अ‍ॅपला जे टोकन देतं ते एका तासात मरतं. एचटीटीपीएसवरून ओढा, काम झालं. ६०० नाही, एजंट नाही, नोन होस्ट्स नाही. ज्या गोष्टीची दुरुस्ती करायला असा धागा लागतो, ती गोष्टच काढून टाका.

जुनंखोड:

आणि ते तासाभराचं टोकन मागायला अ‍ॅपची जी खाजगी किल्ली लागते, ती कुठे ठेवता?

बिल्ड सर्व्हरवरच ना? म्हणजे पडून राहणारी फाइल गेली नाहीच, फक्त तिचं नाव बदललं. आणि तिची पोहोच मोठी. एका रिपोच्या डिप्लॉय किल्लीने एकच रिपो वाचता येतो. अ‍ॅपची किल्ली गेली तर ते अ‍ॅप जिथे जिथे बसवलंय तिथली सगळी दारं उघडी.

दुसरं. एसएसएचमध्ये खाजगी किल्ली तारेवरून जातच नाही, जाते फक्त सही. टोकन स्वतः प्रवास करतं. बहुतेक लोक ते पत्त्यातच कोंबतात, मग ते गिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये उतरतं आणि एखाद्या दिवशी बिल्डच्या लॉगमध्ये छापून येतं. अशा लॉगचा स्क्रीनशॉट मदत मागायला टाकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

पाणचक्की:

लॉगमध्ये आलेलं टोकन तासाभरात कचरा होतं, हाच तर मुद्दा आहे. किल्ली फुटली तर वर्षानुवर्षं चालते. पोहोच मोठी म्हणाल तर टोकन मागताना रिपो आणि हक्क दोन्ही आवळता येतात.

अ‍ॅपच्या किल्लीबद्दलचं मान्य. पण तीही बिल्ड सर्व्हरवर असायलाच हवी असं नाही. वेगळी सेवा टोकन काढते, बिल्डला फक्त टोकन मिळतं. तुमच्याकडे तसं केलेलं नसेल तर तो टोकनचा दोष नाही.

जुनंखोड:

ती वेगळी सेवा रात्री अकराला पडली की कळफलकरावांना कॉलवर घ्या.

थट्टा सोडा. मोठ्या टीमला तुमचं बरोबर आहे. तीन माणसं, एक बिल्ड सर्व्हर, दोन रिपो असतील तर नाकापेक्षा मोती जड. फक्त वाचण्याचा हक्क असलेली डिप्लॉय किल्ली द्या आणि झोपा. बाकी 'नोन होस्ट्स नाही' हा फायदा म्हणून सांगितलात ते खटकलं. एचटीटीपीएसमध्येही समोरच्याची ओळख तपासली जाते, सर्टिफिकेटवरून. ते काम तुमच्यासाठी दुसरं कोणी करतंय म्हणून जाणवत नाही.

कळफलक:

नोन होस्ट्सचा विषय निघालाच आहे तर कबुली देतो. आमच्या सगळ्या बिल्डमध्ये होस्ट तपासणी बंद आहे. स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग, नो. मार्च २०२३ मध्ये गिटहबने आपली आरएसए होस्ट किल्ली (सर्व्हर स्वतःची ओळख पटवतो ती) बदलली तेव्हा जगभरचे बिल्ड पडले. आमचा एकही पडला नाही. आता बोला.

जुनंखोड:

बोलतो. तुमचा बिल्ड पडला नाही कारण त्याने विचारलंच नाही समोर कोण आहे.

त्या दिवशी काय झालं होतं ते आठवा. २४ मार्चला गिटहबने ती किल्ली बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रिपोत उघडा पडला होता. म्हणजे तो कोणाच्या हाती लागला असता तर मध्ये बसून 'मीच गिटहब' म्हणता आलं असतं. 'रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड' ही ओरड याच दिवसासाठी लिहिलेली आहे. बाकीचे वैतागले, पण तपासून नवी किल्ली टाकून मोकळे झाले. तुम्ही पहारेकऱ्याला आधीच घरी पाठवलंय आणि वर सांगताय, आमच्याकडे कधी आरडाओरडा होत नाही.

कळफलक:

अहो पण एसएसएचवर मधला माणूस माझ्या सहीने पुढे गिटहबवर लॉगिन करू शकत नाही, ती सही त्याच सेशनला बांधलेली असते. म्हणजे माझी किल्ली सुरक्षितच आहे.

जुनंखोड:

बरोबर, किल्ली सुरक्षित. पण बिल्ड सर्व्हरला तुमची किल्ली चोरीला जाण्यापेक्षा मोठा धोका आहे: त्याने भलताच कोड ओढणं. समोरचा तोतया तुमची सही न तपासता 'या, बसा' म्हणेल आणि स्वतःचा कोड देईल. तुम्ही तो बांधून ग्राहकांना पाठवाल.

चिमटा:

आम्ही 'अ‍ॅक्सेप्ट-न्यू' वापरतो. पहिल्यांदा आलेला होस्ट मान्य, बदललेला अमान्य. मधला मार्ग.

रात्रपाळी:

कायम चालणाऱ्या सर्व्हरवर ठीक. तुमचा बिल्ड कंटेनरमध्ये असेल आणि तो दर वेळी कोरा सुरू होत असेल, तर त्याच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते. 'नो' लिहा नाहीतर 'अ‍ॅक्सेप्ट-न्यू', एकच. होस्टच्या किल्ल्या इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरच्या साच्यात, आधीच भरून ठेवा. आणि भरताना बिल्डच्या आतच की-स्कॅन (सर्व्हरलाच त्याची किल्ली विचारणारा आदेश) चालवू नका. ज्याची ओळख पटवायची त्यालाच ओळखपत्र मागितल्यासारखं आहे ते. गिटहब, गिटलॅब आपापल्या होस्ट किल्ल्यांचे ठसे (किल्लीवरून काढलेली छोटी ओळखखूण) जाहीर करतात, तिथून घ्या.

कळफलक, मूळ मुद्द्यावर या. गेल्या वर्षभरात अशा दोन-दोन मिनिटांच्या किल्ल्या किती बनवल्यात? आणि जुन्या काढल्यात?

कळफलक:

काढल्या असतील. उद्या बघून सांगतो.

कळफलक:

बघितलं. बिल्डच्या सामायिक खात्यावर नऊ किल्ल्या आहेत. नावं: न्यू, न्यू-२, टेम्प, फायनल, फायनल-खरंच, आणि चार नुसती 'बिल्ड'. हसू नका.

पाणचक्की:

हसत नाही, नोंद घेतोय. एक तासाच्या टोकनला 'फायनल-खरंच' असं नाव द्यायची वेळ येत नाही.

रात्रपाळी:

नवापैकी चालू किती? प्रत्येकीसमोर शेवटची कधी वापरली ते दिसतं. आणि त्या नऊ एखाद्या एजंटमध्ये भरल्या असतील तर वेगळीच गंमत. एजंट एकामागून एक पुढे करत जातो, एसएसएच सर्व्हर सहसा सहा प्रयत्नांनंतर हाकलून देतो. सातवी किल्ली बरोबर असली तरी तिची पाळीच येत नाही. 'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' हा निरोप कधी आला होता का?

कळफलक:

दर आठवड्याला येतो. आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करतो, मग जातो 😐

रात्रपाळी:

रीस्टार्टने एजंट रिकामा होतो, म्हणून जातो. कॉन्फिगमध्ये 'आयडेंटिटीज ओन्ली, येस' लिहा आणि किल्लीची फाइल नावाने सांगा. एका ओळीचं काम आहे.

कळफलक:

लिहिलं. वर्षभर न वापरलेल्या पाच काढल्या, काही पडलं नाही. सहावी, म्हणजे 'टेम्प', काढली आणि कागदपत्रं बनवणारा रात्रीचा एक जॉब पडला, जो कुठे चालतो हे टीममध्ये कोणालाच माहीत नाही. परत टाकलीये. पण ती किल्ली नक्की कुठल्या मशीनवर आहे हे शोधायचं कसं?

रात्रपाळी:

पब्लिक भागाच्या शेवटी कॉमेंट असते, साधारणपणे युजर ॲट मशीन अशी. वेबवर ती दिसत नाही, पण रिपोत किंवा जुन्या मेलमध्ये मूळ पब्लिक फाइल सापडली तर वाचा. नसेल तर खात्यावर दिसणारा एसएचए२५६ ठसा घ्या आणि संशयित मशीनवर एसएसएच-कीजेनला एल लावून तिथल्या किल्ल्यांचे ठसे काढा. जुळेल ते मशीन.

कळफलक:

जुळला. माझाच लॅपटॉप आहे. कपाटातला जुना, नेहमी चार्जरला लावून ठेवलेला.