कुलूप, आईचं शिलाई मशीन आणि गाडीची काच: कशाला कोणतं वंगण?

मिऱ्यावरची:
नमस्कार. आमचं घर रत्नागिरीत, मिऱ्याच्या बाजूला. समुद्र चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे पाऊस सरला की दरवर्षी कशाला ना कशाला गंज धरलेला असतो. गेल्या गणपतीत फाटकाचं कुलूप अडलं म्हणून गंज सोडवायचा स्प्रे मारला. चावी लगेच फिरली. दिवाळीनंतर पुन्हा अडलं, आणि आता तर चावी पुरती आतच जात नाही.
दुसरं म्हणजे आईचं पायमशीन. आई त्यात नेहमी खोबरेल सोडायची. चार वर्षं बंद आहे, चाक जेमतेम बोटभर हलतं. भाचीला परकर-पोलकं त्याच मशीनवर शिवून द्यायचंय, म्हणून जीव अडकलाय.
तिसरं, गाडी. ९ वर्षांची आहे. ड्रायव्हरच्या बाजूची काच रडत रडत वर चढते आणि दाराचं रबर उन्हात चिकटतं.
हार्डवेअरवाल्याने चार डबे समोर ठेवले: गंज सोडवायचा स्प्रे, सिलिकॉन स्प्रे, पांढरं ग्रीस, पिवळं ग्रीस. एकाने सगळं भागेल का?

सांगलीचा:
आमच्या घरी बिजागरी असो की सायकल, गंज सोडवायचा एकच स्प्रे. दहा वर्षांत काही बिघडलेलं नाही. चार डबे कशाला?

जुना फिटर:
ताई, एसटीच्या डेपोत ३२ वर्षं फिटर होतो. जरा सविस्तर लिहितो.
अडलेलं सोडवणं हे एक काम आणि वंगण देणं हे दुसरं. तुमच्या स्प्रेने पहिलं काम चोख केलं, दुसरं त्याचं नव्हेच. या जातीतला सगळ्यांना ठाऊक असलेला डब्ल्यूडी-४० घ्या. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तो तयार झाला, तो पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातली अक्षरं पाणी हटवण्याचीच, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं. अशा स्प्रेतला पातळ भाग उडून जातो, मागे तेलाचा बारीक थर राहतो. तुमच्याकडे त्या थरावर जांभ्याची लाल धूळ आणि खारं बसतं, आणि कुलपाच्या आत मळी तयार होते. सांगलीकर, तुमच्या कोरड्या हवेत बिजागरीला ते निभावतं. समुद्राकाठी फाटकाला नाही निभावत.
कुलूप उलटं धरा, तोच स्प्रे नळीने आत मारा, मळी वाहू द्या. चावी घालायची, काढायची, फडक्याला पुसायची. चावी स्वच्छ निघेपर्यंत हेच. मग एक दिवस वाळवा आणि टेफ्लॉनचा ड्राय स्प्रे मारा. तो सुकून कोरडा थर देतो, धूळ धरत नाही. घरातल्या कपाटाच्या कुलपाला ग्राफाइटची पूड छान, पण खाऱ्या दमट हवेत ग्राफाइट धातूला लागून राहिलं की गंज उलट वाढतो, म्हणून फाटकाला नको. आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कुलपावर पडदीसारखा बांधा. पावसाळ्यात कुठल्याही डब्याइतकाच त्याचा उपयोग.
आता मशीन. खोबरेल खायला आणि केसांना. यंत्रात ते हवेने हळूहळू घट्ट होत राळेसारखं चिकटतं, थंडीत तर थिजतंच. मशीन खराब झालेलं नाही, चिकटलंय. आधी चामडी पट्टा काढून ठेवा, त्याला तेल लागलं तर तो चाकावर घसरतो. मग तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या. जवळपास चूल, दिवा, उदबत्ती काही नको. सकाळी चाक हाताने मागेपुढे हलवा. जोर लावायचा नाही, पक्कड तर अजिबात लावायची नाही. गरज पडली तर पुन्हा थेंब. मोकळं झालं की पिवळट घाण पुसून काढा आणि शिलाई मशीनचंच पातळ, पांढरं तेल एकेक थेंब द्या. पायट्याच्या सांध्यांनाही द्या, तिथे सगळे विसरतात. आधी चिंधीवर शिवा, नाहीतर परकराला डाग पडतील.
काच आणि दाराचं रबर: सिलिकॉन स्प्रे. काचेच्या खाचेतली माती आधी ओल्या फडक्याने काढा, वाळू द्या, मग मारा. रबर फडक्यावर स्प्रे घेऊन पुसा. साधं तेल किंवा पिवळं ग्रीस दाराच्या रबराला लावू नका, ते फुगतं. सिलिकॉन फरशीवर, पायाच्या पॅडलवर आणि ब्रेकच्या डिस्कवर उडता कामा नये.
पांढरं लिथियम ग्रीस दाराच्या बिजागऱ्यांना आणि बॉनेटच्या खटक्याला. पिवळा डबा तूर्त घेऊ नका.

नाशिकवाला:
फिटरकाकांनी रबराचं लिहिलं, त्यावर माझा अनुभव. एका गॅरेजात ब्रेकच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना साधं ग्रीस लावलं गेलं. काही महिन्यांत पिनांवरचे रबरी बूट फुगले, पिन अडकली. एक पॅड पार पत्र्यापर्यंत झिजला आणि जोडीचा अर्धा शिल्लक! त्या पिनांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लागतं. तेव्हापासून काम सुरू व्हायच्या आधी मी डबा बघायला मागतो.

जुना फिटर:
बरोबर केलंत. आणि चाकाच्या नटांच्या आट्यांनाही तेल-ग्रीस नको. आटे ओले असले की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

मिरजेची सिस्टर:
मी इस्पितळात काम करते, म्हणून एक विनंती. घरी कुणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हला किंवा रेग्युलेटरला तेल, ग्रीस, व्हॅसलिन काहीही लावू नका. घट्ट झाला असला तरी नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. सिलिंडर देणाऱ्यालाच बोलवा.

मिऱ्यावरची:
काका, तीन रात्री गेल्या. पहिल्या सकाळी चाक अर्धं फिरलं, काल पूर्ण फिरलं. सुईच्या दांड्यापाशी मधासारखा चिकट थर निघाला, चार चिंध्या गेल्या. पायट्याचे सांधे खरंच विसरले होते, तिथे तेल दिल्यावर आवाजच गेला. आई खुर्ची ओढून शेजारी बसली होती, तिने स्वतः दोरा ओवला.
कुलूप मात्र सुटलं नाही. आतून खाल्लं गेलंय. नवं पितळी आणलं, ड्राय स्प्रे मारला, वर ट्यूबची पडदी बांधली. काच रविवारी बघते. पट्टा सैल वाटतोय, तो कापून जोडायचा की नवाच घ्यायचा?

जुना फिटर:
चिरा नसतील तर कापून जोडा. एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त कापू नका.