मदत हवी आहे: बीपीमुळे आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं

नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मंगळवारी ऑपरेशनला नेलं, तर बीपी १९६/१०४ भरलं आणि परत पाठवलं. घरच्या मशीनवर १४०/८० च्या आसपास असतं. चूक बहुतेक माझीच. उपाशीपोटी आणा म्हणाले, म्हणून सकाळची बीपीची गोळी (अॅम्लोडिपिन) पण दिली नाही. त्यात रात्रभर झोप नाही, भीतीने हात गार पडलेले.

शेजारचे काका म्हणतात, जिभेखाली गोळी ठेवून तिथेच उतरवायचं होतं. मला ते पटत नाही. या वयात बीपी एकदम पाडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

आता सोमवारची तारीख आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी सांगा, बीपीची गोळी त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली होती का? घरच्या नोंदींची वही डॉक्टर बघतात का? आणि आईची भीती कशी घालवू?