फ्लॅटमध्ये कोळशाची छोटी शेगडी: कोणती घ्यावी आणि कुठे पेटवावी?

प्रश्न (राजारामपुरीकर)

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. घरात माणसे तीन, आणि बाल्कनी जेमतेम ३ फूट रुंद व ८ फूट लांब. गावाकडे चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजलेल्या वांग्याला आणि कणसाला जी चव येते ती गॅसवर येत नाही, म्हणून १,५०० रुपयांच्या आत बसणारी आणि काम झाल्यावर पलंगाखाली सरकवता येईल अशी कोळशाची ग्रिल घेण्याचा विचार आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या घडीच्या ग्रिल दिसायला सुबक आहेत, पण त्यांचा पत्रा टिकतो का? आणि पावसाळ्यात बाल्कनीच्या काचा लावलेल्या असताना ती तिथे पेटवली तर चालेल का? ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर (शाहूपुरी)

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. काचा लावलेल्या असताना शेगडी अजिबात पेटवू नका. कोळसा जळताना कार्बन मोनोऑक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर थांबला म्हणजे धोका टळला असे पुष्कळांना वाटते, पण लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही हा वायू येतच असतो. आमच्या आत्याकडे थंडीच्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवली होती. तासाभरात बाळंतिणीचे डोके जड झाले, मळमळू लागले, आणि आजीने वेळीच दार उघडले म्हणून निभावले. खिडकी थोडी किलकिली ठेवली किंवा पंखा लावला तरी पुरत नाही.

उघड्या बाल्कनीतही वर वाळत घातलेले कपडे आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या असतातच. त्यामुळे सोसायटीची परवानगी घेऊन गच्चीवर जावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (बिडाचा तवा)

वरच्या मताशी पूर्ण सहमत आहे. आता शेगडीविषयी. घडीची ग्रिल मी एकदा घेतली होती. तिचा पत्रा इतका पातळ होता की तिसऱ्या वापरातच तळ फुगून आला, पायांच्या बिजागऱ्या सैल झाल्या आणि निखाऱ्यांसकट ती एका बाजूला कलली. म्हणून उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून २ मिलिमीटर जाड काळ्या पत्र्याची १४ इंच लांब, ९ इंच रुंद पेटी करून घेतली. तिला घडी नाही, पण पाय नटबोल्टने निघतात, त्यामुळे ती पलंगाखाली सहज जाते. तळाशी हवेसाठी भोके, त्यावर कोळशाची जाळी आणि निखाऱ्यांपासून साधारण चार बोटे वर भाजण्याची जाळी, एवढे पुरते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा तशी जाळी मात्र घेऊ नये, कारण तापल्यावर तिच्यावरच्या जस्ताचा धूर होऊ शकतो आणि तो अपायकारक असतो. गच्चीच्या फरशीवर आधी विटांचा थर मांडा, नाहीतर उष्णतेने फरशी तडकते.

बिडाची शेगडी आणखी टिकाऊ खरी, पण ती तीन मजले उचलून नेणे जिवावर येते.

उत्तर (चिपाडं)

कोळसा लाकडाचाच, म्हणजे लोणारी, घ्यावा. दगडी कोळशावर अन्न भाजू नये. तिघांसाठी पाऊण ते एक किलो पुरतो. आपल्याकडे पावसाळ्यात तो दमट होतो आणि पेटताना तडतडून ठिणग्या उडवतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवावा. पेटवायला रॉकेल ओतू नये, त्याचा वास थेट वांग्यात उतरतो. मी वाळलेली उसाची चिपाडे आणि करवंटीचे तुकडे खाली घालून वर कोळशाचा ढीग रचतो. वीस-पंचवीस मिनिटांत निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की ते पसरावेत आणि एक बाजू रिकामी सोडावी. चरबी गळून जाळ उठला तर जिन्नस त्या बाजूला सरकवता येतो.

मटणाचा मोह तुम्हाला होणारच. बोकडाच्या मटणाचे तुकडे एवढ्याशा आचेवर आतून शिजत नाहीत. ते आधी कुकरमध्ये शिजवून, कांदा-लसूण मसाला आणि थोडे तेल चोळून फक्त शेवटी भाजावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बाल्कनीचा विचार सोडून दिला आहे आणि गच्चीसाठी सोसायटीत विचारतो. उरलेले निखारे मात्र खाली कसे आणावेत?

उत्तर (शाहूपुरी)

आणूच नका. पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि डबा रात्रभर गच्चीवरच विटांवर राहू द्या. वरून राखाडी दिसणारा निखारा आत कित्येक तास धुमसत असतो, आणि तसा डबा घरात ठेवला तर तोच वायू पुन्हा खोलीत येईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लावून गार झाल्याची खात्री करा. त्यातला उरलेला कोळसा टाकून देऊ नका, पुढच्या वेळी तो नव्या कोळशापेक्षा लवकर पेट घेतो.