मलायातला 'सल्ला' आणि स्वेटनहॅम

'मलायात (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे सुलतानाच्या दरबारी नेमलेले ब्रिटिश अधिकारी, फक्त सल्ला देत' असं म्हटलं जातं. खरी गोम शब्दांत आहे. जानेवारी १८७४ च्या पांगकोर करारात, इंग्रजी प्रतीनुसार धर्म आणि मलय रूढी सोडून प्रत्येक बाबतीत सल्ला मागणं आणि तो पाळणं पेराक या मलय राज्याच्या सुलतानाला बंधनकारक होतं. मलय प्रतीतली भाषा मात्र मवाळ, आणि ती तयार करण्यात तरुण ब्रिटिश अधिकारी फ्रँक स्वेटनहॅमचा हात होता! पेराकचा पहिला रेसिडेंट बर्च याने करवसुलीत हात घातला. २ नोव्हेंबर १८७५ ला पासिर सालाक इथे तो मारला गेला. स्वेटनहॅम निसटला. पुढे तो १८८२ ला सेलांगोरचा, १८८९ ला पेराकचा रेसिडेंट झाला, १८९६ ला चार मलय राज्यांच्या संघाचा पहिला रेसिडेंट-जनरल, १९०१ ला सिंगापूर-पेनांग-मलाक्का या ब्रिटिश वसाहतींचा (स्ट्रेट्स सेटलमेंट्स) गव्हर्नर. संघ झाल्यावर कारभाराच्या किल्ल्या संघाची राजधानी क्वालालंपूरला गेल्या, सुलतानांकडे मान तेवढा उरला.