मदत हवी आहे: ‘ग्रहणी’ हे आतड्याचं नाव आधी की आजाराचं?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. गेल्या आठवड्यात बाबांची चिपळूणला दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्टात ड्युओडेनममध्ये अल्सर, आणि पथ्याच्या मराठी कागदावर ‘ग्रहणीला व्रण’. शेजारच्या आत्येनं कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला. "अगो, आमच्या आज्याला संग्रहणीनंच नेलं." बाबांनी त्या रात्री पेजेचं ताट तसंच सारलं.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. ग्रहणी हा अवयव, जठर संपलं की लागणारा लहान आतड्याचा पहिला तुकडा. संग्रहणी म्हणजे अन्न न पचता वारंवार जुलाब होणं. अल्सर वेगळा, औषधांनी बरा होतो. बाबा आता नीट जेवतायत, पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

‘ग्रह्’ म्हणजे धरणं. चरकसंहितेत म्हटलंय की ग्रहणी न पचलेलं अन्न धरून ठेवते आणि पचलेलं पुढे सोडते. किती नेमकं नाव! ती बिघडली, धरेनाशी झाली की होणाऱ्या आजारालाही तिथे ग्रहणीच म्हटलंय.

ड्युओडेनम मात्र कामावरून नाही, मापावरून पडलेलं नाव. इ.स.पू. 300च्या सुमारास अलेक्झांड्रियात ग्रीक वैद्य हिरोफिलसनं या भागाला ‘बारा बोटांचा’ म्हटलं. तेच ‘बारा’ अरबीत गेलं आणि 12व्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डच्या भाषांतरांतून लॅटिनमध्ये आलं. जर्मन लोक आजही ‘बारा बोटांचं आतडं’च म्हणतात. हे वाचून दाखवलं तर बाबा लगेच म्हणाले, "बारा अंगुळं म्हणजे एक वीत की!" आणि खरंच, त्याची लांबी साधारण 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभरच. त्यांना वीत पसरून पोटावर ठेवताना बघून मला फार बरं वाटलं.

आता जाणकारांना विचारायचंय. ‘आतडं’ संस्कृत ‘अन्त्र’वरून आलं, ते ठाऊक आहे. पण या वीतभर तुकड्याला आपल्या बोलीत वेगळं नाव आहे का? मालवणी, आगरी, कोकणी, कुठलंही चालेल. घरी वजडी साफ करणाऱ्यांना तो भाग वेगळा ओळखता येत असणार, ते काय म्हणतात? आणि ‘संग्रहणी’तल्या ‘सं’नं अर्थ नेमका कसा बदलतो? आत्येलाही नीट समजावून सांगायचंय, ती अजून रोज बाबांसाठी ताक घेऊन येते.