उदगीरला बसून एलएलव्हीएमला काँट्रिब्यूट करायचंय, ८ जीबीच्या लॅपटॉपवर जमेल का?

उदगीरकर:
नमस्कार मंडळी. मी एम्बेडेड सी++ वर काम करतो, आधी पुण्यात होतो, आता वडिलांच्या तब्येतीमुळं उदगीरला आलोय आणि घरूनच काम करायलोय. कंपायलर आतून कसा चालतो हे बघायची इच्छा लई जुनी आहे. कॉलेजात लेक्सर-पार्सरच्या पुढं गाडी गेलीच नाही, ऑप्टिमायझेशनचं युनिट सिलॅबसच्या शेवटी असायचं आणि तिथपर्यंत परीक्षा यायची. आता वाटतं नुसतं वाचत बसण्यापेक्षा एलएलव्हीएमला (कंपायलर बनवायचा ओपन सोर्स प्रकल्प) थोडा का होईना हातभार लावावा.

पण सोर्स उतरवून बिल्ड लावला तर लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) सुरू झालं की लॅपटॉप जागच्या जागी गोठतो, माउससुद्धा हलत नाही, आणि त्यातच दुपारी लाईट जाते. रॅम ८ जीबी, वाढवायची सोय नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ऑफिसच्या एका फाइलवर क्लँग (एलएलव्हीएमचाच सी/सी++ कंपायलर) स्वतःच पडतो, भला मोठा स्टॅक ट्रेस येतो आणि वर लिहिलेलं असतं की बग रिपोर्ट करा. टीमनं कोड थोडा फिरवून लिहिला आणि विषय संपला. मला विचारायचंय की माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करायची? एखादा नवीन ऑप्टिमायझेशन पास (कोड सुधारणारा कंपायलरमधला टप्पा) लिहिल्याशिवाय काँट्रिब्यूशन म्हणता येत नाही का?

गोदाकाठ_नांदेड:
भाऊ, तुझ्या हातात आत्ताच एक पक्कं काँट्रिब्यूशन आहे आणि तू ते सोडून दुसरंच शोधायलास. तो क्लँगचा क्रॅश!

आधी बिल्डचं बघू. पूर्ण डीबग बिल्ड लावू नको, क्लँगसकट डीबग बिल्डला १५-२० जीबी डिस्क लागते असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय आणि लिंक करताना रॅम सगळी गिळून टाकतो. रिलीज बिल्ड कर पण असर्शन (कंपायलरच्या आतल्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) चालू ठेव, टार्गेट म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा तो फक्त एक्स८६ ठेव, लिंकर एलएलव्हीएमचाच एलएलडी लाव, आणि सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं टूल) पॅरलल लिंक जॉब्ज १ कर, हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण लॅपटॉप गोठतो तो एकाच वेळी चार-पाच लिंकिंग चालू झाल्यामुळं. सगळं बिल्ड करायची पण गरज नाही, मिडल-एंडवर (ऑप्टिमायझेशनचा भाग) काम करायचं तर ऑप्ट (पास चालवणारं) आणि फाइलचेक (टेस्टचं आउटपुट तपासणारं) एवढी टूल पुरतात, क्लँगचा बग असेल तर क्लँग. लाईट गेली तरी निन्जा (बिल्ड चालवणारं टूल) राहिलेल्या फायलींपासून पुढं चालू होतो, फक्त लाईट जाताना जी ऑब्जेक्ट फाइल अर्धी लिहिली गेली ती कधी कधी खराब होते, तेवढी एक उडवून परत चालव. सीकॅश लावून ठेव म्हणजे ब्रँच बदलली की पहिल्यापासून कंपाइल होत नाही.

आता क्रॅश. क्लँग पडला की टेम्पच्या फोल्डरमध्ये दोन फायली ठेवतो, एक प्रीप्रोसेस केलेला सोर्स आणि एक शेल स्क्रिप्ट जिच्यात नेमकी कमांड असते. बहुतेक लोक त्या बघतच नाहीत. त्या घे आणि सी-रिड्यूस नाहीतर सी-व्हाइज चालव. सी-रिड्यूस युटा विद्यापीठातल्या लोकांनी बनवलं, सी-व्हाइज हे त्याचंच पायथनमधलं रूप. दोघांना तुझी एक छोटी स्क्रिप्ट लागते, कोड दिला की क्रॅश अजून होतो का एवढंच सांगणारी, होत असेल तर ० परत करायचं. मग ते टूल रात्रभर कोड कापत बसतं, फंक्शनं काढतं, टेम्प्लेटं काढतं, नावं बदलून ए, बी, सी करतं, आणि सकाळी हजारो ओळींतल्या पंधरा-वीस ओळी उरलेल्या असतात. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'क्लँग पडला' असं तपासू नको, स्टॅक ट्रेसमधलं ठराविक फंक्शनचं नाव किंवा असर्शनचा मजकूर ग्रेपनं शोध, नाहीतर कापता कापता ते भलत्याच दुसऱ्या क्रॅशवर जाऊन बसतं.

रिड्यूस केलेला टेस्टकेस म्हणजे निम्मं काम झालं असं मी मनापासून मानतो. ज्याला तो बग दुरुस्त करायचा त्याचा सगळा वेळ तिथंच जातो. नवा पास लिहिणाऱ्यांची कमी नाही, नीट बग रिपोर्ट देणारी माणसं कमी आहेत.

वाळूजकर:
वरचं सगळं बरोबर, पण दादा तो कोड ऑफिसचा आहे हे विसरू नको. प्रीप्रोसेस केलेल्या फाइलमध्ये तुमच्या सगळ्या हेडरचा कोड येतो, ती तशीच्या तशी गिटहबवर टाकू नको आणि कंपायलर एक्सप्लोरर या वेबसाइटवर पण पेस्ट करू नको. रिड्यूस झाल्यावर उरलेल्या ओळींत कंपनीचं काही राहिलं नाही ना हे डोळ्यानं बघ आणि मॅनेजरला मेलवर विचारून घे.

आणखी एक, ऑफर लेटरसोबत जे अ‍ॅग्रीमेंट सही केलं असशील ते काढून वाच. बऱ्याच ठिकाणी नोकरीत असताना लिहिलेला कुठलाही कोड कंपनीचा असं कलम असतं, घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला सुद्धा. माझ्या एका जुन्या नोकरीत असंच कलम होतं, मी एचआरकडून लेखी परवानगी घेतली आणि मगच पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवला. एलएलव्हीएमचं लायसन्स अपाची २.० आणि वर त्यांचं स्वतःचं एक्सेप्शन असं आहे, कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडंच राहतो, त्यामुळं परवानगी मागताना हे सांगितलं की लीगलवाले लवकर हो म्हणतात. तोंडी परवानगीवर जाऊ नको.

पैठणची_पोर:
मी जीसीसीकडची (क्लँगसारखाच दुसरा ओपन सोर्स कंपायलर), म्हणून जरा त्या बाजूचं पण सांगते. ८ जीबी रॅमचं रडगाणं सगळ्यांचंच आहे पण जीसीसी कंपाइल फार्म म्हणून एक सोय आहे, फ्री सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना अर्ज केला की फुकट एसएसएच (दूरवरच्या मशीनवर लॉगिन) मिळतं, मोठमोठ्या मशीन, आर्म, पॉवर, रिस्क-व्ही, कितीतरी आर्किटेक्चर. इथं घरी बसून पॉवर मशीनवर टेस्ट चालवता येते ही लई मोठी गोष्ट आहे, आपल्याकडं कोणत्या कॉलेजात ते मशीन बघायला मिळणार?

जीसीसी १९८७ पासून आहे, बहुतेक पॅच अजून ईमेलनं जातात, जीसीसी-पॅचेस लिस्टवर. आधी एफएसएफला (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) कॉपीराइट असाइन करायचे कागद करावे लागायचे, २०२१ पासून ते सक्तीचं नाही, साइन्ड-ऑफ-बाय ओळ (हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी) टाकली तरी चालतं. बिल्ड करताना डिसेबल-बूटस्ट्रॅप दे, नाहीतर जीसीसी स्वतःलाच तीनदा कंपाइल करतो आणि शेवटच्या दोन्हीचं आउटपुट सारखं आलं का ते ताडून बघतो. रोजच्या कामाला ते नको, पण पॅच पाठवायच्या आधी पूर्ण बूटस्ट्रॅप आणि रिग्रेशन टेस्ट (जुनं काही मोडलं नाही ना ही तपासणी) करावीच लागते, त्यात सूट नाही.

आणि ऑप्टिमायझेशन शिकायचंच असेल तर मुंबई आयआयटीतल्या उदय खेडकर सरांचं डेटा-फ्लो अ‍ॅनालिसिसवरचं काम बघा, जीसीसी शिकवण्यासाठी त्यांनी तिथं रिसोर्स सेंटर चालवलं. जीसीसीच्या आत काय चालतं हे इतकं सोडवून सांगणारं दुसरं मला तरी सापडलं नाही.

उदगीरकर:
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. लिंक जॉब १ केल्यावर बिल्ड पूर्ण झाला, वेळ लागला पण गोठला नाही. मॅनेजरला मेल टाकलाय. तोवर एक विचारतो, मला इन्स्टकंबाइन मध्ये (एलएलव्हीएमचा सूचना सोप्या करणारा पास) एक छोटं सुचलंय, एखादी संख्या २ नं गुणून परत २ नं भागली असेल तर दोन्ही काढून टाकायचे. सरळ आहे, बरोबर ना?

गोदाकाठ_नांदेड:
सरळ दिसतं, पण तिथंच कंपायलरची खरी मजा आहे. ८ बिटची अनसाइन्ड संख्या घे, २००. दुप्पट ४००, पण ८ बिटात २५५ च्या वर मावत नाही म्हणून उरतात १४४, त्याला २ नं भागले की ७२. तुझा पास मात्र २०० देणार. म्हणजे प्रोग्रॅमचं उत्तरच बदललं. गुणाकारावर एनयूडब्ल्यू हा फ्लॅग असेल, म्हणजे ओव्हरफ्लो होणार नाही अशी हमी असेल, तरच ते काढता येतं, आणि तेवढं एलएलव्हीएम आधीपासूनच करतं.

असलं काही सुचलं की आधी अलाइव्ह-टू मध्ये टाकून बघ, ब्राउझरमध्ये पण चालतं. डावीकडं आधीचा आयआर (एलएलव्हीएमचा आतला मधला कोड), उजवीकडं नंतरचा, चुकत असेल तर नेमका कोणत्या आकड्यावर चुकतो ते काढून दाखवतं. इन्स्टकंबाइनच्या पॅचला रिव्ह्यूअर त्याची लिंक मागतातच, त्यामुळं पुल रिक्वेस्टमध्ये (गिटहबवर बदल पाठवायची पद्धत) पहिल्यापासूनच लावून टाक.

गिटहबवर 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल आहे ते बघ, घ्यायच्या आधी त्यावर कुणी काम करायलंय का ते वाच. आधी २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत रिव्ह्यू फॅब्रिकेटर नावाच्या टूलवर व्हायचे, जुन्या ट्यूटोरियलमध्ये तेच सापडेल, त्याच्या नादी लागू नको, आता सगळं पुल रिक्वेस्टनं होतं. टेस्ट आधी वेगळ्या कमिटमध्ये टाक, म्हणजे तुझ्या बदलानं आउटपुटमध्ये नेमकं काय फिरलं ते रिव्ह्यूअरला एका नजरेत दिसतं. चेकच्या ओळी (टेस्टमध्ये अपेक्षित आउटपुट सांगणाऱ्या) हातानं लिहू नको, अपडेट-टेस्ट-चेक्स नावाची स्क्रिप्ट आहे.

रिव्ह्यूला उत्तर आलं नाही तर आठवड्यातून एकदा पिंग केलेलं चालतं, त्यांच्या डेव्हलपर पॉलिसीतच तसं लिहिलंय, संकोच करू नको. आणि मर्ज झाल्यावर एखादा बिल्डबॉट (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारं मशीन) लाल झाला म्हणून पॅच रिव्हर्ट झाला तर मनाला लावून घेऊ नको, तिथं मोठमोठ्यांचे पॅच रोज रिव्हर्ट होतात, दुरुस्त करून परत टाकायचा.

मॅनेजरचा होकार आला की क्रॅशचा इश्यू टाक आणि नंबर इथं दे. ओ-झिरोला (ऑप्टिमायझेशन बंद) पण पडतो का फक्त ओ-टूलाच (ऑप्टिमायझेशन चालू), हे तेवढं आधी बघून ठेव.